नागपुरातल्या लकडगंजच्या मिस्त्रीभाऊंना, जाहीर आभार

मिस्त्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. लकडगंजात ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू द्या ना साहेब" म्हणता आणि रंधा उचलता. रंधा सुरू झाला की माझं बोलणं तिथेच राहतं. म्हणून चारचौघांना वाचता येईल असं हे पत्र.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून झाली. धरणांचे नकाशे, कालव्यांचे छेद, बुडीत क्षेत्राच्या समोच्च, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा. सुरुवातीची वर्षं ट्रेसिंग कापडावर शाईच्या पेनाने, शेवटची संगणकावर. निवृत्त झालो तेव्हा घरचे म्हणाले, आता आराम करा. आराम थोडे दिवस बरा वाटला. मग सकाळी पेपर वाचून झाला की हातांना काही सुचेना. ज्यांनी आयुष्यभर हाताने काम केलं त्यांना हे सांगावं लागणार नाही.

मुंबईला खात्याच्या कामाने गेलो असताना एका जुन्या कचेरीच्या भिंतीवर मी पहिल्यांदा हाफ हल पाहिलं होतं. ते डोक्यात राहून गेलं होतं. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. जहाजाचं धड लांबीत मधोमध उभं चिरलं आणि त्यातली एकच बाजू फळीवर बसवली की झालं हाफ हल. शीड नाही, डोलकाठी नाही, तोफा नाहीत. फक्त पाणी कापणारा आकार. डावी आणि उजवी बाजू सारखीच असते, त्यामुळे अर्धं घडवलं की पूर्ण कळतं. आज ते दिवाणखान्यात टांगतात, पण मूळ वस्तू कामाची होती. जहाज बांधणारे आधी असं अर्धं मॉडेल कोरायचे, मालकाला दाखवायचे, हवं तिथे अजून छिलायचे आणि पटलं की त्यावरूनच मापं मोठी करून पुऱ्या आकारात जमिनीवर आखायचे. अमेरिकेतल्या न्यूबरीपोर्टच्या ऑर्लँडो मेरिल यांनी १७९४ साली थरांचं मॉडेल केलं असं मानतात. आडव्या फळ्या एकावर एक बसवून कोरायचं आणि पुन्हा सुटं करून प्रत्येक फळीवरून माप घ्यायचं. पुढे नॅथॅनियल हेरेशॉफ यांच्यासारखे नावाजलेले नौकारचनाकारही आधी हातात लाकूड घेत, अर्धं मॉडेल कोरत आणि त्यावरून मापं उतरवत.

थरांची ही पद्धत वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. प्रत्येक फळीची कड म्हणजे त्या पातळीवरची पाण्याची रेषा. धरणात पाणी इथपर्यंत चढलं तर काठ कुठे येईल, ती रेषा मी तीसेक वर्षं काढत होतो. तीच रेषा इथे बाहेरून आत वळलेली होती. कागदावरचं सगळं मला येत होतं. लाकडातलं काहीच येत नव्हतं.

मुंबईत बांधलेल्या एका जुन्या जहाजाचा नकाशा घेऊन फर्निचरच्या काही दुकानांत फिरलो. कोणी म्हणालं सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरायच्या यंत्रावर, करून घ्या, कोणी म्हणालं तयार मिळतं ते आणा. तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही दाराची चौकट जुळवत होता. नकाशा पाहून म्हणालात, "हे तं अर्धंच हाय. बाकीचं भिंतीत समजाचं का?" अगदी बरोबर. एवढ्या थोडक्यात हाफ हल म्हणजे काय ते मला कुठल्या पुस्तकातही सापडलं नव्हतं.

मग प्रमाण विचारलंत. मी म्हणालो, एकास शहाण्णव. आणि लगेच समजावायला लागलो की एका फुटाला अष्टमांश इंच धरायचा. तुम्ही मधेच थांबवलंत. "म्हणजे एक सूत एक फूट." मिस्त्रीभाऊ, आठ सुतांचा इंच मला माहीत नव्हता असं नाही, पण ते माप तुमच्या बोटांत होतं आणि माझ्या फक्त वहीत. त्या क्षणापासून आपल्या दोघांची भाषा एक झाली. जहाज दीडशे फूट लांब, म्हणजे दीडशे सूत, पावणेएकोणीस इंच. रुंदी चाळीस फूट, त्यातली अर्धी वीस सूत, म्हणजे अडीच इंच. अर्ध्या इंचाची फळी म्हणजे चार सूत, चार फूट पाणी. तुम्ही खडूने टेबलावर हे लिहून काढलंत आणि मला म्हणालात, "आता बनते."

लाकूड तुम्हीच निवडलंत. मला नवं सागवान घ्यायचं होतं. आपल्या विदर्भाचं सागवान म्हणजे काय ते सांगायला नको. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीही बल्लारपूरहूनच लाकूड गेलं. पण तुम्ही महाल भागातल्या पाडलेल्या वाड्याची जुनी चौकट काढून दिलीत. उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, लाकूड आकसतं. जुलैत पाऊस लागला की तेच फुगतं. वर घरोघरी कूलर, खोलीतली हवा दिवसभर ओली. जे लाकूड असे कितीतरी उन्हाळे-पावसाळे भोगून झालंय ते आता हलणार नाही, हा तुमचा हिशोब. तो हिशोब खरा ठरला. फळ्या जोडून किती तरी महिने झाले, एकही सांधा उघडलेला नाही.

सांध्यांचं श्रेयही तुमचंच. सागवानाच्या अंगात तेल असतं, त्यावर डिंक नीट धरत नाही. म्हणून प्रत्येक फळी थिनरच्या कपड्याने पुसून, ती सुकल्याबरोबर फेविकॉल लावायचं आणि शिकंजे आवळून रात्रभर तसंच ठेवायचं. दोन फळ्यांच्या मधे शिसमच्या विनियरची पातळ पट्टी घाला, ही सूचनाही तुमची. मला ती फक्त शोभेसाठी वाटली होती. कोरायला सुरुवात केल्यावर तिचा उपयोग कळला. अंग जसजसं गोल होत जातं तसतशा त्या काळ्या रेषा बाहेर येतात. रेषा सलग, ताणलेली वळली तर आकार बरोबर. मधेच डगमगली तर तिथे लाकूड जास्त आहे किंवा कमी. मॉडेल स्वतःच सांगत राहतं, कुठे थांबा आणि कुठे अजून घ्या. सनमायकाच्या तुकड्यांमधून तुम्ही कापून दिलेले आकार तपासायचे फर्मे आणि या रेषा, दोन्ही जुळल्या की काम पुढे सरकायचं.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो.

साठी उलटली की लोक तुमच्या प्रत्येक गोष्टीला छानच म्हणतात. मुलगा म्हणतो छान, शेजारी म्हणतात वा काका, या वयात. जुने सहकारी फोटो पाहून अंगठा दाखवतात. सगळे प्रेमाने म्हणतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या "छान"मध्ये हेही असतं की चुकलं तरी आता काय फरक पडतो, वेळ जातोय ना. तुम्ही मला कधीही नुसतं छान म्हटलं नाहीत. मॉडेल हातात घ्यायचात, चष्मा वर करायचात, डोळे मिटायचात आणि पुढच्या टोकापासून मागपर्यंत बोटं फिरवायचात. "इथं पोट सुटलं." "इथं दबलं." मग त्या जागी पेन्सिलीने आडव्या रेघा मारून परत द्यायचात. रेघा जाईपर्यंत घासायचं, फक्त रेघा जाईपर्यंत, पुढे नाही. त्यानंतर खिडकीच्या तिरप्या उजेडात धरून सावली पाहायची.

मी तुमचा पोऱ्या असतो तर तुम्ही जसं शिकवलं असतं तसंच मला शिकवलंत. पटाशीला धार लावायला आधी शिकवलंत, लाकडाला हात नंतर लावू दिलात. सागवानात सिलिका असते, धार लवकर मरते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने दगडावर जाणं हा कामाचाच भाग आहे, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मला तसं करायला लावलंत. जहाजाच्या पुढच्या भागात लाकडाची रेषा उलटते. तिथे रंधा मारला तर ढलप्या उपटून येतात, म्हणून दिशा बदलून मागून पुढे यायचं, हे माझा हात धरून दाखवलंत. माझ्या कामाला तुम्ही गिऱ्हाइकाच्या दाराएवढंच महत्त्व दिलंत. निवृत्त माणसाला हे किती मोठं वाटतं, ते निवृत्त झाल्याशिवाय कळणार नाही, आणि तुम्ही तर अजून पंचवीस वर्षं तरी निवृत्त होणार नाही.

एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. चौकटी आणि पलंग करणाऱ्या माणसाला जहाजाचं वळण इतक्या सहज कसं कळतं? या जहाजाचं अंग अवघड आहे. पाण्याच्या रेषेपाशी ते सगळ्यात रुंद आणि तिथून वर जाताना दोन्ही बाजू आत झुकतात. नकाशात ते दिसतं, हाताला येत नाही. श्रावण संपता संपता तुमच्या दुकानात आलो आणि उत्तर मिळालं. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी ओळीने मांडले होते, बोटभरापासून गुडघ्याएवढे. तुम्ही एका नंदीची कूस माझ्या तळहाताखाली धरलीत आणि म्हणालात, "तुमचं जहाज असंच भरलं पायजे. खाली भरदार, वर आवळलेलं." त्या दिवशी ती मधली जागा मला जमली. नागपुरातल्या पोरांसाठी वर्षानुवर्षं बैल कोरून तुमच्या हातात जे आलं होतं, त्यातलं थोडं तुम्ही मला दिलंत.

आणि हे जहाज कुठलं, ते तुम्हाला एकदा नीट सांगायचं राहिलं होतं. तुम्ही विचारलं होतं, पण तेव्हा गिऱ्हाईक आलं. नाव एचएमएस ट्रिंकोमाली. इंग्रजांच्या आरमाराचं हे जहाज मुंबईत वाडियांच्या हाताखाली बांधलं गेलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. सगळं सागवानाचं. ते सागवान मलबारकडचं, आपल्याकडचं नाही, पण जात तीच. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते आजही पाण्यावर तरंगतं आहे. दोनशे वर्षं उलटून गेली. वाडिया घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, ते जहाजाचे सुतार म्हणूनच. ते आणि त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी मुंबईच्या गोदीत इतकी जहाजं बांधली की मुंबईच्या सागवानी जहाजांचा दबदबा तयार झाला. मॉडेलखालच्या पितळी पट्टीवर जहाजाचं नाव, साल आणि "मुंबई" एवढं कोरून घेतलं आहे. जहाज मुंबईतच बांधलं गेलं, म्हणून त्या गावाचं नाव तिथे हवंच होतं.

पॉलिशबद्दल दोन शब्द. पावसाळ्यात फ्रेंच पॉलिश करू नका, पांढरं पडेल, असं म्हणून तुम्ही मला दसऱ्यापर्यंत थांबवलंत. तेव्हा मी मनातून थोडा रुसलो होतो. आता भिंतीवर पाहतो तेव्हा वाटतं, चपडा लाखेचे ते पातळ हात कोरड्या हवेतच बसायला हवे होते. कापसाची पुडी गोल फिरवत न्यायची आणि मधे थांबायचं नाही, हे शिकायला मात्र मला वेळ लागला. तुमच्यासारखा आरसा अजून येत नाही. येईल.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत. जुन्या चौकटीचेही पैसे घेतले नाहीत. म्हणालात, "ते लाकूड असंच पडून होतं." ते पडून नव्हतं, तुम्ही ते जपून ठेवलं होतं, हे मी पाहिलं आहे. वाड्याच्या त्या लाकडावर तुम्ही वर्षाचा खडू मारून ठेवला होता.

पुढचं मॉडेल कोकणातल्या पात्तेमारीचं, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबताचं, करायचं म्हणतो. तिथले मिस्त्री ती नकाशाशिवाय, नजरेने आणि हाताने बांधत आले. त्यामुळे या वेळी माझा कागद कमी आणि तुमची बोटं जास्त लागतील. त्यासाठी तुमच्याकडची शिवणीची फळी बाजूला ठेवा. हलकं लाकूड आहे, कोरायला बरं पडेल. शनिवारी दुपारी येतो, तुमची गर्दी ओसरल्यावर. आणि या खेपेला लाकडाचे पैसे घ्यायचेच. मोजून घेऊन येतो आहे, परत पाठवू नका.

तुमचा,
पाटबंधारे खात्यातला एक निवृत्त आरेखक,
नागपूर