‘माहीत नाही’चा रकाना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

लोकांना राजकारणाची माहिती किती, हे मोजायची तुझी प्रश्नावली मिळाली. मोबाइलवर एवढं बारीक मला वाचवत नाही, म्हणून मानेवाडा चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून सहा प्रती काढून आणल्या. बारा प्रश्न, प्रत्येकाखाली चौकटी. बघताच माझ्या घटक चाचण्या आठवल्या. तू म्हणालास, सहज चार लोकांना विचार, प्रश्न कळतात का तेवढं बघ. विचारलं. प्रश्न कळतात रे. उत्तरं कळायला मात्र वेळ लागला.

पहिली सापडली भाजीवाली मावशी. मंगळवार-शुक्रवार तिचा ठेला आपल्या फाटकाशी असतो. विधानसभेत आमदार किती? “लय असतीन.” राज्यसभेच्या खासदाराची मुदत? “माह्यी मुदत नका काढू बाई, गिऱ्हाईक जाऊन राहिलं.” हिवाळी अधिवेशन नागपुरात का भरतं, याचं तुझ्या कागदावरचं उत्तर 1953चा नागपूर करार. तिचं उत्तर : “डिसेंबर आला का रस्त्याले डांबर लागते, यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघते अन् आमचे ठेले उचलते.” मी तुझ्या नियमाप्रमाणे शून्य दिला. पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि मतदानाचं वय एवढी बरोबर, असे बारापैकी तीन गुण.

मग आला सातवा प्रश्न : तुमच्या प्रभागाचे नगरसेवक कोण? मावशीने टोपलीतला पालक खाली ठेवला. म्हणाली, “आताचं विचारता का मधातलं?”

बाळा, मी तिथंच थांबले. हाच प्रश्न घेऊन तू 2024च्या उन्हाळ्यात इथं आला होतास. महापालिकेची मुदत 2022च्या मार्चमध्ये संपली होती, प्रशासक बसले होते, आणि नवी निवडणूक होता होता 15 जानेवारी 2026 उजाडला. म्हणजे तू विचारलंस तेव्हा नागपुरात एकही नगरसेवक नव्हता. ज्यांनी तुला जुन्या नगरसेवकाचं नाव सांगितलं त्यांना तू एक गुण दिलास, आणि “कोणी नाही” म्हणणाऱ्या बायांना ‘माहीत नाही’च्या रकान्यात टाकलंस. तुझा तक्ता मी जपून ठेवला आहे, काढून बघ. अख्ख्या गल्लीत बरोबर उत्तर त्यांचंच होतं.

आणि आता तरी सोपं आहे का? शहरात 38 प्रभाग आणि 151 जागा, म्हणजे एक प्रभाग सोडला तर बाकी सगळीकडे चार-चार जण. तुझ्या कागदावर रेघ एकच. 2017ला माझी मतदान केंद्रावर ड्यूटी होती तेव्हाची म्हातारी अजून डोळ्यांसमोर आहे. अ, ब, क, ड अशा चार जागा, चारही ठिकाणी बटण दाबायचं, तेव्हा कुठे मशीनची लांब शिट्टी वाजणार. ती एक बटण दाबून बाहेर यायला लागली. आम्ही परत पाठवलं. आतून आवाज, “चार येळा कायले दाबाचं? मी त एकालेच देऊन राहिली!” सगळं केंद्र हसलं, मीही हसले. आता वाटतं, तिचं काय चुकलं होतं? तिचं मत ठरलेलं होतं. पद्धत तिला कोणी सांगितली नव्हती, एवढंच.

तुझ्या अभ्यासाचं तू पाठवलेलं प्रकरण मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा शब्दकोश घेऊन, दुसऱ्यांदा चहा घेऊन. त्यातल्या अमेरिकी अभ्यासक डोरिस ग्रेबर बाई मला आवडल्या. 1976च्या अमेरिकेतल्या निवडणुकीच्या वर्षात त्यांनी हजारो लोकांना फोन करण्याऐवजी मोजकी माणसं धरली, त्यांना बातम्यांची डायरी लिहायला लावली आणि पुन्हा पुन्हा जाऊन त्यांच्याशी तासन् तास बोलल्या. माणसं आकडे, नावं, तारखा विसरतात, पण बातमीचं सार आपल्या आधीच्या अनुभवाच्या खणात नीट ठेवतात, हे त्यांना दिसलं. मावशीचं डांबर म्हणजे तेच ना? करार तिला ठाऊक नाही. पण सरकार गावात येतं तेव्हा काय काय हलतं, हे तिच्याइतकं मला सांगता येणार नाही. मला 1953 पाठ आहे, कारण मी ते चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं आहे.

पण मावशीचं कौतुक करून मी तिला सर्वज्ञ ठरवत नाही. करार माहीत असता तर अधिवेशनात विदर्भाचं काय मागायचं हेही तिला म्हणता आलं असतं. तू वस्तुस्थितीची माहिती मोजूच नकोस, असं माझं म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते ‘माहीत नाही’बद्दल. तू सगळ्यांचं ‘माहीत नाही’ एका पोत्यात भरतोस.

मी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी, होते तेव्हाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण त्यात माझी शोभा नाही. यादी घेऊन घरोघर फिरायचे. एका घरी नवी सून दाराशी आली. माहेरच्या यादीत नाव होतं का? माहीत नाही. विधानसभा मतदारसंघ कोणता? माहीत नाही. मागे सासरा खुर्चीवर बसलेला. मी वैतागून म्हणाले, “दहावी शिकलीस ना गं तू?” आणि यादीत नाव घालायचा अर्ज, नमुना 6, तिच्या नवऱ्याच्या हातात देऊन निघाले. दोन दिवसांनी रेशनच्या रांगेत तीच माझ्यामागे उभी. हळूच म्हणाली, “बाई, माहं नाव उत्तर नागपुरात आहे, तिकडचं काढाले लागन न?” तिला सगळं माहीत होतं. फक्त त्या दारात, त्या खुर्चीसमोर, माझ्या हातातल्या रजिस्टरसमोर माहीत नव्हतं. मी तिची माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

तुझ्याच प्रकरणात मोंडक आणि अँडरसन या अभ्यासकांचा 2004चा लेख आहे, तो तू तळटीपेत घालून मोकळा झालास. पुरुष येत नसलं तरी ठोकून देतात, बायका ‘माहीत नाही’ म्हणतात, आणि राजकीय माहितीत दिसणारी स्त्री-पुरुषांमधली तफावत साधारण निम्मी यातूनच येते. वर आण ते. तळटीपेत कशाला?

ठोकून देण्यावरून आपल्या वरच्या मजल्यावरचे सर आठवले. त्यांनी बाराच्या बारा सोडवले, वर तुझ्या नवव्या प्रश्नातली शुद्धलेखनाची चूक दाखवली. आता ऐक. 19 एप्रिल 2024, लोकसभेचं मतदान, सकाळपासून ऊन चटके देऊन राहिलं होतं. सरांचं नाव यादीत सापडेना. त्यांनी मोबाइल काढला, फॉरवर्ड दाखवला : यादीत नाव नसलं तरी आधार दाखवा, कलम 49अ म्हणा, ‘चॅलेंज व्होट’ मागा, मत देता येतं. मी रांगेतूनच सांगितलं, सर, असं काही नसतं. यादीत नाव नाही तर मत नाही. चॅलेंज म्हणजे उमेदवाराच्या एजंटाने दोन रुपये भरून ‘हा माणूस तो नव्हेच’ असं म्हणणं. आणि आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर कागदी मतपत्रिका मिळते, ते वेगळं. सर म्हणाले, “मॅडम, तुमच्या वेळचे नियम बदललेत.” अर्धा तास भांडून घरी गेले. निवडणुकीच्या कितीतरी आधी नमुना 6 भरला असता तर काम झालं असतं.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली कुक्लिन्स्की आणि सहकाऱ्यांची पाहणी तू दिली आहेस ना, 2000 साली छापलेली? सरकारी मदतीविषयी चुकीचं धरून बसलेले लोकच आपल्या उत्तरांबद्दल सर्वांत ठाम होते, ती. ते सर मला तिथे दिसले. नुसतं माहीत नसणाऱ्याला सांगता येतं. सरांना कोण सांगणार?

म्हणून तीन बदल कर. सातव्या प्रश्नाला चार रेघा दे आणि “सध्या कोणीच नाही” हेही बरोबर धर. प्रत्येक उत्तरापुढे “किती खात्री आहे” ते विचार. आणि एक प्रश्न वाढव : नळाला पाणी आलं नाही तर तुम्ही कोणाकडे जाता, आणि का? याला कितीही जागा लागो, लागू दे. विचारायला जाशील तेव्हा लॅमिनेट केलेलं ओळखपत्र गळ्यात घालू नकोस, आणि सासरा खुर्चीवर असेल तर त्याच्याशी आधी पाच मिनिटं पिकापाण्याचं बोल, मग सुनेला बाहेर ओट्यावर विचार.

काल मावशीने मला उलट प्रश्न घातला. म्हणे, तुमच्या पोराले विचारा, आता चार-चार निवडून आले, त माह्या गल्लीतली नाली कोणाची? पहिला म्हणतो दुसऱ्याची, दुसरा म्हणतो तिसऱ्याची. मी म्हटलं, कायद्याने चौघंही सगळ्या प्रभागाचे. ती म्हणाली, “मंग त कोणाचीच नाही.”

याचं उत्तर कोणत्या रकान्यात बसतं ते कळव. संत्रा बर्फी कुरिअरने टाकली आहे, दोन दिवसांत खाऊन टाक, उन्हात टिकत नाही.

तुझी,
आई