बाबा, डॉक्टरांपासून एचआयव्हीची गोळी लपवू नका

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, रिपोर्टचा फोटो मिळाला. कोलेस्टेरॉल २४८, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४८, एचडीएल म्हणजे चांगलं ३१, आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी ३४५. आकडे बरे नाहीत, पण त्यांच्यावर इलाज आहे. मला घोर लागला तो आईच्या बोलण्याने. परवा ती फोनवर हळूच म्हणाली, "सेंटरच्या गोळ्यांनीच चरबी वाढतीया म्हणून हे महिनाभर त्या बंद ठेवायचं म्हणत्यात." बाबा, सरकारी सेंटरच्या त्या एचआयव्हीच्या गोळ्या बंद करू नका. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही "बरं, बरं" म्हणून फोन आईच्या हातात देता, म्हणून बसून लिहिते आहे.

गोळ्या थांबवून काय होतं हे जगाने करून पाहिलंय. 'स्मार्ट' नावाच्या अभ्यासात ३३ देशांतले ५,४७२ रुग्ण होते. निम्म्यांची औषधं सलग चालू ठेवली, उरलेल्यांना सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, चांगला आहे तोवर बंद ठेवायला सांगितली. औषधांचा त्रास तरी वाचेल, हा त्यामागचा विचार. झालं भलतंच. औषध थांबवलेल्यांत मृत्यू जास्त झाले, हृदयाचे आजारसुद्धा जास्त निघाले. २००६ मध्ये तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. विषाणू मोकळा सुटला की शरीरात सगळीकडे दाह वाढतो आणि त्याची झळ रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बसते. एलडीएल कमी करायला म्हणून तुम्ही हृदयच धोक्यात घालाल.

सगळा दोष गोळ्यांचा नाहीच. औषध नसताना हा विषाणू स्वतःच रक्तातली चरबी बिघडवतो. आधी चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, खाली येतं, मग एलडीएलही उतरतं, आणि आजार वाढत गेला की ट्रायग्लिसराइड चढतं. उपचार सुरू झाले, अंगावर मांस आलं, की एलडीएल परत पहिल्या जागी येतं. त्यातली काही वाढ ही बरं झाल्याची खूण असते. एचडीएल मात्र बऱ्याच जणांचं पूर्ण सावरत नाही. तुमचं ३१ मला त्यातलंच वाटतं.

गोळ्यांचाही वाटा आहे, ते नाकारत नाही. तुमचे गाल बसले होते ते दिवस आठवतात? दंडावरच्या शिरा दोरीसारख्या दिसायच्या, आणि गल्लीत जो तो विचारायचा, "काय ओ, अंगात बरं नाही काय?" तुम्ही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागलात. ते स्टॅव्हुडिनमुळे. सरकारी मोफत उपचार १ एप्रिल २००४ ला सुरू झाले तेव्हा तेच औषध हाताशी होतं, आणि त्यानेच तुम्हाला जगवलं. चेहऱ्याची, हातापायांची चरबी ते जाळायचं आणि रक्तात ट्रायग्लिसराइड वाढवायचं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करायला सांगितलं.

आता तुम्ही सेकंड लाइनवर, म्हणजे पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर देतात त्या औषधांवर आहात. तुमच्या गोळ्यांतलं अटाझानाविर त्या गटात चरबीला बरंच सौम्य, पण सोबतचं रिटोनाविर ट्रायग्लिसराइड वाढवू शकतं. आईच्या गोळीत डोल्युटेग्रॅविर, टेनोफोविर आणि लॅमिवुडिन आहे. डोल्युटेग्रॅविर चरबीच्या वाटेला फारसं जात नाही, आणि टेनोफोविरने एलडीएल जरा कमीच राहतं. तुमचं दोघांचं जेवण एकाच पातेल्यातलं, तरी आईचं ट्रायग्लिसराइड १४०. सगळा फरक गोळीचाच, असं मी म्हणणार नाही. आई विडी ओढत नाही.

आता त्या खासगी डॉक्टरांची चिठ्ठी. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन ४० आणि ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल. त्यांनी चुकीचं लिहिलं असं मी म्हणत नाही. त्यांना तुमच्या सेंटरच्या गोळ्या माहीतच नाहीत, कारण तुम्ही सांगितल्या नाहीत.

रिटोनाविर यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, मंद करतं. अटाझानाविर रक्तात जास्त वेळ टिकावं म्हणूनच ते दिलेलं असतं. पण ॲटोरव्हास्टॅटिनची विल्हेवाटही तेच विकर लावतं. गाळप मंदावलं की कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्या तुंबतात, तशी ती गोळी रक्तात साठत जाते. ४० चा डोस अंगात कितीतरी मोठा होऊन बसतो. मग स्नायू दुखतात, क्वचित स्नायूच विरघळायला लागतात, लघवी चहासारखी होते, किडनीवर ताण येतो. सिमव्हास्टॅटिन तर रिटोनाविरबरोबर द्यायचंच नसतं. ॲटोरव्हास्टॅटिन देतात, पण अगदी कमी डोसपासून आणि लक्ष ठेवून.

पॅन्टोप्राझोलची मला जास्त धास्ती आहे. आपल्याकडे कुठल्याही चिठ्ठीत ॲसिडिटीची गोळी असतेच, त्यामुळे तिचं कुणाला काही वाटत नाही. पण अटाझानाविर अंगी लागायला पोटात आम्ल लागतं. ते दाबलं की औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, वर येऊ शकतो, विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. आणि सेकंड लाइननंतर हाताशी फार औषधं उरत नाहीत, बाबा. रोज औषधांच्या दुकानात मी माणसांच्या चिठ्ठ्या तपासते, आणि माझ्याच घरातली ही चिठ्ठी मला फोटोत बघायला मिळाली. या दोन्ही नव्या पट्ट्या सध्या फोडू नका. सेंटरच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका, आणि जेवणाबरोबरच घ्या.

तुम्ही का लपवता ते मला कळतं. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी त्या दवाखान्यात फाइलवर लाल शाईने लिहून ती सगळ्यांसमोर काउंटरवर ठेवली होती. आईने पदराने फाइल झाकली. ते मी विसरलेले नाही. पण आता एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. तुमच्या संमतीशिवाय ही गोष्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि यावरून उपचार नाकारताही येत नाहीत. सगळ्या गावाला सांगा असं मी म्हणत नाही. जो तुम्हाला औषध लिहून देतो त्याला मात्र सांगा. तोंडाने सांगवत नसेल तर सेंटरचं पुस्तक पुढं ठेवा.

'रिप्रीव्ह' नावाच्या मोठ्या अभ्यासात आपल्या देशातलेही रुग्ण होते. ४० ते ७५ वयाचे ७,७६९ लोक, सगळे एचआयव्हीची औषधं घेणारे, आणि कुणाचाच हृदयाचा धोका फार मोठा नव्हता. निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध ४ मिलिग्रॅम दिलं. २०२३ मध्ये निकाल छापून आला: हार्ट ॲटॅक, पक्षाघात वगैरे मोठे प्रसंग ३५ टक्क्यांनी कमी. हे औषध त्या मंदावलेल्या विकरावर फारसं अवलंबून नसतं, म्हणून तुमच्यासाठी मला ते बरं वाटतं. ठरवायचं डॉक्टरांनी. आई, तुझा रिपोर्ट चांगला असला तरी तुझ्यासाठीही हे विचारायचं आहे. आणि तुझी कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी सेंटरच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, जेवताना दोन्ही घेतल्या तर चालतं.

एक खरं सांगा बाबा. रक्त द्यायला जाताना गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध पिऊन गेला होतात का? धारोष्ण म्हशीचं दूध प्यायल्यावर ट्रायग्लिसराइड वर दिसणारच. रात्रीच्या जेवणानंतर बारा तास फक्त पाणी, मग रक्त, अशी तपासणी पुन्हा करू. तांबडा-पांढरा बंद करा असं मी सांगणार नाही, रविवारी खा, वरचा कट बाजूला काढा. रोजच्या चहातली साखर आणि गुऱ्हाळावरून येणारा गूळ ट्रायग्लिसराइडला तेलापेक्षा जास्त नडतात. रंकाळ्याची फेरी चालू ठेवा. विडी सुटली तर मात्र निम्मं काम झालं असं मी धरीन, इतकी ती या आजारात हृदयाला वाईट.

शुक्रवारी रात्री येते आहे. शनिवारी सकाळी आपण तिघं सीपीआरला, सरकारी दवाखान्यातल्या सेंटरवर जाऊ. दोन्ही चिठ्ठ्या, सेंटरचं पुस्तक, जुने व्हायरल लोडचे कागद एका पिशवीत काढून ठेवा. तिथे तीन गोष्टी विचारायच्या आहेत: पॅन्टोप्राझोलऐवजी काय, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, कुठली आणि किती, आणि तुमची औषधं बदलून डोल्युटेग्रॅविर देता येईल का. त्यानंतर मी तुमच्याबरोबर त्या खासगी डॉक्टरांकडे येते. बोलायला जड गेलं तर मी बोलेन, पण तुम्ही शेजारी बसा.

तुमची,
सुजाता