वणव्याच्या दुपारी टेकडीवरून उतरायचे कसे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या टेकड्यांवरील ‘बीडीपी’, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात, घरबांधणीला मोकळीक द्यावी ही मागणी पुन्हा डोके वर काढते आहे. महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतील ९७८ हेक्टर टेकड्यांवर हे आरक्षण आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये त्याला मंजुरी देताना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरवला. २०२५ मध्ये बीडीपी आणि डोंगरमाथा-डोंगरउतार क्षेत्रासाठी अभ्यासगटही नेमला गेला. चर्चा होते ती एफएसआय (भूखंडावर किती बांधता येईल त्याचे प्रमाण) आणि टीडीआरच्या टक्क्यांची. वणव्याचे नाव कोणी काढत नाही. या मोकळीकीला आमचा विरोध आहे, आणि त्याचे पहिले कारण वणवा हेच आहे.

१:५ पेक्षा जास्त उतारावर बांधकाम नको, हा नियम जुनाच आहे. १:५ म्हणजे पाच मीटर आडव्या अंतराला एक मीटर चढ, साधारण ११ अंश. आगीशी झुंजणाऱ्यांचा ढोबळ ठोकताळा असा की, चढ १० अंशांनी वाढला की वणव्याचा वेग दुप्पट होतो. ज्वाळा वरच्या अंगाला झुकते आणि पुढचे गवत पेटायच्या आधीच तापवून ठेवते. म्हणजे जिथे नियम बांधकामाला मनाई करतो, तिथूनच वणवा सपाटीच्या दुप्पट वेगाने घराकडे चढू लागतो. २० अंशांवर चौपट. त्यात भर दुपारी तापलेल्या उतारावरून वाराही वरच वाहतो. मार्च-एप्रिलमध्ये कुसळी आणि पवन्याचे गवत कडकडीत वाळून उभे असते, त्याखाली गिरिपुष्पाच्या झाडांचा पाचोळा. पायथ्याशी पेटवलेला कचरा किंवा फेकलेले बिडीचे थोटूक, एवढे पुरते.

कॅलिफोर्नियासारखी लाकडी घरे आपल्याकडे नाहीत, त्यामुळे इमारतच्या इमारत जळेल असा बागुलबुवा आम्ही उभा करत नाही. गवताची आग एका जागी फार रेंगाळत नाही. पण ठिणग्या उडतात त्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर, हिरव्या शेडनेटवर, प्लॅस्टिकच्या पाइपांवर. पार्किंगमधली एक दुचाकी पेटली की धूर जिन्याने वर चढतो. वीज तोडावी लागते, मग लिफ्ट बंद आणि पाण्याचा पंपही बंद. अशा वेळी दारे-खिडक्या लावून पक्क्या घरात थांबणे पुष्कळदा अधिक सुरक्षित असते. पण डोळ्यांत धूर गेल्यावर हे कोण ऐकतो? लोक गाडीची किल्ली घेऊन खाली धावतात.

आता रस्ता पाहू. टेकडीवरच्या वसाहतीला बहुधा एकच रस्ता असतो. तो कागदावर ९ मीटर धरला, तरी दोन्ही कडांना गाड्या लावल्या की प्रत्येक बाजूचे दोन-दोन मीटर जातात, उरतात पाच. ५०० सदनिका आणि घरटी दीड मोटार धरली तर ७५० मोटारी, दुचाकी वेगळ्या. वळणे घेत, खालच्या चौकात अडत तासाला ५०० मोटारी उतरल्या तरी डोक्यावरून पाणी. म्हणजे शेवटची मोटार दीड तासाने बाहेर. त्याच पाच मीटरमधून अडीच मीटर रुंदीचा बंब वर यायचा आहे, आणि त्याला वळायला नऊ मीटरची त्रिज्या लागते. तो पोहोचलाच, तर त्याच्या टाकीत पाच हजार लिटर पाणी. एका जोरकस धारेला मिनिटाला साडेचारशे लिटर लागतात. अकरा मिनिटांत टाकी रिकामी, आणि पुन्हा भरायला त्याच कोंडीतून खाली!

८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातील पॅराडाइज गाव आणि परिसरात वणव्याने ८५ माणसे गेली; पळणाऱ्या गाड्यांनी रस्ते तुंबले आणि काही जण गाडीतच अडकले. त्याच राज्यातल्या लेक काउंटीतील ग्वेनॉक व्हॅली या प्रकल्पाची मंजुरी २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द केली. नव्या वस्तीमुळे आधीच्या रहिवाशांचे निसटण्याचे रस्ते किती तुंबतील, याचा पुरेसा अभ्यास नव्हता, हे त्याचे कारण. आपल्याकडे २० हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही, म्हणून प्रकल्पाचे तुकडे पाडण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. मोठ्या प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेतला अर्ज भरावा लागतो. त्यातल्या नैसर्गिक आपत्तींच्या रकान्यात भूकंप, जमीन खचणे, दरड, धूप आणि पूर यांची नावे आहेत, वणव्याचे नाही.

‘मग दुसरा रस्ता काढू’ असे सांगितले जाते. टेकडीवर दुसरा रस्ता म्हणजे आणखी डोंगरफोड. जून २०१३ मध्ये कात्रजच्या घाटाजवळ शिंदेवाडीला फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात मायलेकी वाहून गेल्या, ते पुणेकर विसरलेले नसावेत. वणव्याने गवत जळालेल्या उतारावर पहिल्या वळवात माती तर अधिकच सुटते.

वणव्यापासून घर राखायचे तर घराभोवती सुमारे ३० मीटरचा पट्टा गवत कापून मोकळा ठेवावा लागतो. १० हेक्टरच्या चौकोनी वसाहतीभोवती असा पट्टा आखला तर त्याचेच क्षेत्र चार हेक्टर भरते. नकाशावर १० हेक्टर, टेकडीवर १४. आणि चंडोल, लावे, तित्तर, टिटवी उन्हाळ्यात जमिनीवर घरटी करतात ती याच मोकळ्या उतारांवर. उरलेल्या गवतात वस्तीमुळे वणवे वाढणार, कारण आपल्याकडचे बहुतेक वणवे माणूसच लावतो. वारंवार जळणाऱ्या जागी कुसळी फोफावते: तिचे बी कुसळाला पीळ देत मातीत घुसते आणि आगीतून वाचते. पुढच्या वर्षी जळायला आणखी गवत तयार. शिवाय सोसायटीची सीमाभिंत. खालून वणवा आणि वरून सलग भिंत आली की ससा, घोरपड, साळिंदर मधल्या मधे होरपळतात.

आरक्षणातल्या जमीनमालकांची तक्रार खोटी नाही. त्यांना मोबदला वाढवून द्यावा आणि वेळेत द्यावा. तो घरे बांधूनच दिला पाहिजे असे मात्र नाही.

तोवर अभ्यासगटाकडे एकच मागणी. कोणत्याही सवलतीची शिफारस करण्याआधी त्या टेकडीचा नकाशा प्रसिद्ध करावा. त्यावर उतार, जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून ठेवलेले पट्टे), पाण्याचे साठे आणि वेगवेगळ्या मुख्य रस्त्यांना मिळणारे दोन मार्ग दाखवावेत. एप्रिलमधल्या दुपारी दोन वाजता, गाड्या लावलेल्या रस्त्यावरून, शेवटचे घर रिकामे व्हायला किती मिनिटे लागतील तो आकडा मोजून त्याच नकाशावर छापावा, आणि सोबत अग्निशमन दलाची सही असावी.

– टेकड्यांवर काम करणारे काही नागरिक, पुणे