गायरानांवर उपग्रहाची नजर ठेवा

महोदय,
गायरानावरचे अतिक्रमण तलाठ्याच्या कागदावर येईपर्यंत तिथे पक्की भिंत उभी राहिलेली असते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा साधारण दर ५ दिवसांनी, तीही फुकट मिळतात. प्रतिमेतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, त्यामुळे टपरी दिसणार नाही. पण माळ नांगरला, मुरूम उपसला की रंग बदललेला कळतो. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा ढगांतूनही पाहू शकणारे सेंटिनेल-१ उपग्रहाचे रडार आहेच. नागपुरात राज्याचे स्वतःचे सुदूर संवेदन (उपग्रह प्रतिमा अभ्यासणारे) केंद्र असताना गावनिहाय बदलांचा नकाशा ग्रामसभेपुढे का येऊ नये? मात्र आधी गायरानांच्या हद्दी मोजून त्या नकाशावर चढवा. नेमकी तिथेच वर्षानुवर्षे चालढकल होते, आणि हद्दच ठाऊक नसेल तर उपग्रह तरी काय दाखवणार?

– एक शेतकरी वाचक, जि. सातारा