पालकमंत्री साहेब, हिप्परगा तलावाचा काठ तेवढा सोडा!

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा यांस,

साहेब नमस्कार. मी सोलापूरचाच, तुळजापूर नाक्याजवळ राहतो. ऑगस्टच्या शेवटी आम्ही घरचे पाचजण श्रीलंकेला जाऊन आलो आणि तिथं एक तलाव बघितल्यापासून डोक्यात आपला हिप्परगा तलावच घोळतोय, म्हणून हे पत्र.

त्या तलावाचं नाव मिन्नेरिया. हा तलाव निसर्गाने केलेला नाही, महासेन नावाच्या राजाने तिसऱ्या शतकात नदीला बांध घालून बांधून घेतलाय, तोही भातशेतीसाठी. म्हणजे सतराशे वर्षं झाली आणि अजून त्याच्यावर शेती भिजते. लोकांनी त्या राजाला देवच करून टाकलंय, मिन्नेरियाचा देव म्हणून त्याची पूजा होते. हे ऐकून आमची आई लगेच म्हणाली, मग आपले सिद्धरामेश्वर तरी काय वेगळे? बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं आणि आज आपण त्यांच्या नावाने गड्ड्याची जत्रा भरवतो, नंदीध्वज नाचवतो. मला हे आधी कधी सुचलंच नव्हतं.

तर १९९७ साली तिथल्या सरकारने तलाव आणि भोवतीचं जंगल मिळून नॅशनल पार्क केलं. हबरणा गावातून जीप मिळते. आम्ही दुपारी तीनला आत शिरलो, पहिला अर्धा तास नुसती झाडी आणि धूळ, मेव्हणा म्हणाला यापेक्षा हॉटेलवर झोपलो असतो. आणि मग एकदम झाडी संपली, समोर हिरवंगार कुरण, त्याच्यापलीकडे पाणी आणि मधे हत्ती. मी ६२ पर्यंत मोजले, मग एक पिल्लू आईच्या पोटाखालून इकडून तिकडे करायला लागलं आणि हिशेब चुकला. कधी कधी ३०० पर्यंत जमतात म्हणे. बायकोने कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा उघडला होता तो तसाच मांडीवर राहिला.

आता मुद्द्याचं सांगतो. ते कुरण म्हणजे तलावाचाच तळ आहे साहेब! तिथल्या कोरड्या दिवसांत पाणी मागे सरकतं, ओल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूचं जंगल वाळलेलं असताना हत्ती त्या गवतासाठी येतात. म्हणजे हत्तींना तलाव जेवढा लागतो तेवढंच पाणी हटलेली जागाही लागते. अलीकडे वरच्या बाजूला मोरागहकंद नावाचं मोठं धरण झालं, त्याचं पाणी ऐन कोरड्या दिवसांत मिन्नेरियात यायला लागलं आणि काही वर्षं गवतच बुडालं, हत्ती नेहमीसारखे जमले नाहीत. पाणी वाढलं आणि खाणं गेलं. मला तर हे ऐकून गरगरलंच, कारण आपण दुष्काळी माणसं, तलाव भरला की पेढे वाटायचे एवढंच आपल्याला माहीत.

आता आपला हिप्परगा म्हणजे एकरुख तलाव घ्या. इंग्रजांनी आदिला नदीवर बांधला, १८७१ पासूनचा. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्या प्रत्येकाने तो बघितलाय, पण थांबून किती जणांनी बघितला हा प्रश्नच आहे. थंडीत पाणी उतरायला लागलं की काठाच्या चिखलात शेकाट्या, चक्रवाक, चमचे असे पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. ह्यांची पंगत पण त्या उथळ पाण्यात आणि काठावरच असते, मधल्या खोल पाण्यात नाही. आणि आता एकरुख योजनेतून उजनीचं पाणी ह्याच तलावात येऊन पुढे जातं. पाणी येऊ नये असं मी म्हणणार नाही, मी वेडा नाही, आमच्या नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं आणि अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याने तर वर्षानुवर्षं वाट बघितलीय. फक्त पाणी कधी सोडायचं आणि हिवाळ्यात पातळी कुठपर्यंत ठेवायची हे ठरवताना एकदा पक्षी बघणाऱ्यांना आणि काठच्या शेतकऱ्यांना टेबलावर बसवा. गाळपेर जमिनी, म्हणजे पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या, कसायला द्या, पण पाण्यालगतचा एक पट्टा सोडून द्या आणि तलावाच्या पोटात ट्रॅक्टर-टेम्पो धुणं बंद करा.

आणि कृपा करून सुशोभीकरण नको! सुशोभीकरण म्हटलं की आपल्याकडे दगडी पिचिंग, रेलिंग, पेव्हर ब्लॉक, रंगीत कारंजं आणि त्याच्यासमोर आय लव्ह अमुकतमुक. काठावर पिचिंग केलं की चिखल संपला, चिखल संपला की पक्षी संपले, मग कारंजं कोणासाठी?

नॅशनल पार्क पण मी मागत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचं आपल्याला माहीतच आहे, १९७९ ला माळढोक अभयारण्य केलं, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावंच्या गावं आली, लोक वैतागले, शेवटी क्षेत्र कमी करावं लागलं आणि माळढोक दिसेल म्हणून जाणारा आता काळवीट बघून परत येतो. मिन्नेरियात पण सगळं आलबेल नाही, एका हत्तिणीभोवती आमच्यासकट पंधरा-सोळा जीपा लागल्या होत्या, ती कान फडफडवत होती आणि आम्ही फोटो काढत होतो. लाज वाटली खरं तर, पण फोटो काढलेच. म्हणून म्हणतो, गाड्या रस्त्यावरच थांबवा, तिथून चालत जाऊ द्या, एक साधा मचाण आणि तलावाचा इतिहास सांगणारी मराठी-कन्नड-तेलुगू पाटी, बास. सोलापुरात तिन्ही भाषा लागतात.

गड्ड्याला आपण येणारच. अक्षता सोहळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला हिप्परग्याला या, ताफा तुळजापूर रोडवरच ठेवा, सायरन नको. दुर्बीण मी आणतो, चहा बांधाजवळच्या टपरीवर.

आपला,
तुळजापूर नाक्याचा एक सोलापूरकर