नाव कोणाचे?

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्हा पाच जणांच्या गायनसमूहाला व्यवस्थापक मिळाला आणि नावाच्या नोंदणीचे 'मी बघून घेतो' असे तो म्हणाला, हे वाचून मला प्लॅटर्स आठवले. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये उभ्या राहिलेल्या या डू-वॉप (अनेक आवाजांच्या मेळात गाण्याची अमेरिकी शैली) समूहाला नाव सुचवले ते खर्जात गाणाऱ्या हर्ब रीडने.

त्यांचा व्यवस्थापक बक रॅम स्वतः गीतकार होता आणि व्यवहारात पक्का होता. मर्क्युरी या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीला खरे तर त्याचा दुसरा समूह, पेंग्विन्स, हवा होता. रॅमने अट घातली की घ्यायचे तर दोन्ही घ्या. पुढे पेंग्विन्सचे तिथे काहीच चालले नाही, आणि गळ्यात मारलेल्या प्लॅटर्सचे 'ओन्ली यू' मात्र १९५५ मध्ये तुफान गाजले. ते एकदा नीट ऐक. टोनी विल्यम्स पहिल्याच शब्दावर उचकी लागल्यासारखा आवाज मोडून वर जातो आणि बाकीचे मागे इतक्या संयमाने स्वर धरून राहतात, की त्या मोडण्याला अर्थ येतो. (तुमच्या ध्वनिफितीत पाचही जण पुढे येऊ पाहतात, असे माझे मत आहे.) पाठोपाठ 'द ग्रेट प्रिटेंडर', आणि १९५९ मध्ये 'स्मोक गेट्स इन युअर आइज' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

याच भरभराटीत, १९५६ मध्ये, रॅमने समूहाच्या नावाने कंपनी काढली आणि गायकांनी समभागांच्या मोबदल्यात नावावरचे हक्क तिच्या स्वाधीन केले. त्या वेळी त्यात कोणाला काही वावगे वाटले नसावे. १९६० मध्ये विल्यम्स बाहेर पडला, मग एकेक करून बाकीचेही गेले. जो तो आपापला 'प्लॅटर्स' घेऊन फिरू लागला आणि नावावरचे खटले कित्येक दशके चालले. नेवाडातील संघीय न्यायालयाने या नावावर रीडचा हक्क वरचढ ठरवला तो २०११ मध्ये. पुढच्याच वर्षी, वयाच्या ८३ व्या वर्षी, तो वारला.

तेव्हा नोंदणीच्या अर्जावर अर्जदार म्हणून कोणाचे नाव पडणार आहे, ते आधी विचार. एखादा सोडून गेल्यास नाव कोणाकडे राहील, हेही पाच जणांच्या सह्यांनिशी लिहून ठेवा. व्यवस्थापकाने दिलेला मसुदा सही करण्यापूर्वी मला पाठव. आपल्या ओळखीच्या वकिलांना मी दाखवून घेतो.

तुझे,
बाबा