गाउटची गोळी मध्येच सोडू नका
महोदय,
मध्यरात्री वडिलांच्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. चादरीचा स्पर्शही सोसवेना. रक्तातले यूरिक ॲसिड 'नॉर्मल' आले, म्हणून गाउट (यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा आजार) नाही असे सांगून त्यांना परत पाठवले. ऐन दुखण्यात ही पातळी उतरलेली असू शकते! खात्री होते ती सांध्यातल्या पाण्यात सुईसारखे स्फटिक दिसल्यावर. प्युरिन या पेशींतल्या आणि अन्नातल्या घटकापासून बनणारे हे ॲसिड मूत्रपिंडांतून पुरेसे बाहेर पडले नाही, की डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर स्फटिक साचू लागतात. ठणका थांबताच लोक वरण सोडतात आणि यूरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळीही. डाळींपेक्षा मटण, कलेजी, बिअर जास्त बाधतात. पातळी ६ च्या खाली ठेवायची तर गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे घ्यावी लागते. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवे.
— एक वाचक, सातारा